पिवळा टॉवेल

ताई,

मी पळून गेलेले नाही. सुटल्यावर तुम्ही मला घरात ठेवून घेतलंत आणि जिथे कामाला लावलंत, त्याच समोरच्या शिंप्याच्या दुकानात जाऊन बसतेय. माझी लेक आज भेटायला येणार म्हणालात, तेव्हापासून एकच फरशी तीनदा पुसलीय. जेलमध्ये कुणाच्या बापाला घाबरले नाही, आणि आता पोटच्या पोरीला घाबरतेय. हसू नका. मी आत गेले तेव्हा ती पाळण्यात होती.

तिच्यासाठी खायचं झाकून ठेवलंय. "आई कुठाय?" म्हणाली, तर गॅलरीत पिवळा टॉवेल वाळत घाला, दुकानातून दिसतो, धावत येईन. "ती बाई कुठाय?" म्हणाली, तर नका घालू. ती गेल्यावर येईन.

टॉवेल धुऊन, पिळून बादलीत ठेवलाय.