पाकिटातली जुनी नोट

प्रिय बुटके,

'प्रिय' सवयीने लिहून गेले, आता खोडत बसत नाही. हॉटेलच्या खालच्या हॉलमध्ये खिडकीपाशी बसून लिहितेय. तू वर खोलीत केस वाळवून बसली असशील आणि ही लंबू पाव आणायला गेलीय की पीठ मळायला, म्हणून चिडली असशील. दोनदा फोन केलास, तो मी मुद्दाम उचलला नाही. समोर आले तर मला रडू फुटेल, मग तू जवळ घेशील, पाठीवरून हात फिरवशील आणि झालं, मी विरघळणार. चाळीस वर्षं हेच चाललंय. म्हणून आज कागद.

शिवणक्लास आठवतो ना? तुझे पाय मशीनच्या पायट्यापर्यंत पोचायचे नाहीत, म्हणून मी पाय मारायचे आणि तू कापड सरकवायचीस. एका मशीनवर दोघी. बाई ओरडून थकल्या, आपण नाही थकलो. समोर भिंतीवर ते कॅलेंडर होतं, वर्ष उलटलं तरी केवळ चित्रासाठी ठेवलेलं. समुद्रातल्या खडकावर पांढरं दीपगृह, खाली एवढीशी बोट. हे बघायचं तर दोघींनी मिळून, एकीने एकटीने बघायचं नाही, असं तू म्हणालीस आणि मी मान डोलावली. सतरा वर्षांच्या पोरी आपण, साध्या बसच्या तिकिटाला पैसे नसायचे, पण शपथा केवढ्या!

मग तीन वर्षांपूर्वी खरंच तिथली तिकिटं काढली, आणि निघायला आठ दिवस असताना आमच्या ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या हेच म्हणाले होते, अगं तिला तरी जाऊ दे, तिचा कशाला हिरमोड. मी लगेच तुला फोन केला आणि तसंच सांगितलं. आणि तू काय म्हणालीस? तू नाहीस तर मी तिकडे पाऊल टाकणार नाही, मरू देत ते पैसे. मी हे सगळ्यांना सांगितलं, बुटके. नणंदेला, शेजारणीला, औषधाच्या दुकानदारालासुद्धा. मैत्रीण असावी तर अशी, म्हणून मिरवलं. दहा तारखेला ऑपरेशन होतं. नऊला मी रडत फोन केला, तर तू म्हणालीस, कंबर धरलीय, कुशीवरसुद्धा वळता येत नाही, नाहीतर धावत आले असते. अकराला हे गेले.

पंधरा दिवसांनी तू आलीस, कंबरेला पट्टा बांधून. मी नुकती नवरा गेलेली बाई, आणि मीच उठून तुझ्या पाठीशी उशी ठेवली, चहा हातात आणून दिला. तू बिचारी दुखणं घेऊन आलीस याचंच मला कौतुक. वर माझ्यामुळे तुझं तिकीट बुडालं ही टोचणी होतीच. तुझ्या लेकीच्या लग्नाचे बेचाळीस ब्लाउज शिवले, एका पैशाला हात लावला नाही. तू आग्रह केलास तेव्हा तुझ्यावर ओरडले, माझ्यासाठी तू काय सोडलंस ते मला माहितेय म्हणून. तेव्हा तू मान खाली घालून पैसे परत पर्समध्ये ठेवलेस. मला वाटलं, भरून आलं तुला.

आता इथलं. शेवटी दोघी मिळून आलो. परवा विमानतळावर मी पैसे बदलायच्या खिडकीकडे निघाले, तर तू दंड धरून ओढलंस. इथे लुटतात, पोस्टाशेजारी बदलू. वर, राहू दे गं तुझे पैसे, मी आहे ना, माझ्याकडे पाकीट आहे. जावयाच्या ऑफिसातल्या कुणीतरी उरलेल्या नोटा दिल्यात म्हणालीस. बरं बाई, म्हटलं. पण मग बसमध्ये तू खिडकीबाहेर बघत बघत पर्समध्ये हात घातलास आणि नेमकी नाणी काढून दिलीस. न बघता! अगं, मी आयुष्यभर कापड चाचपलंय. अस्तर कुठलं आणि वरचं कापड कुठलं हे माझ्या बोटांना अंधारात कळतं, पण ते कुणी सांगून कळत नाही, पुन्हा पुन्हा हात लावून कळतं. तेव्हाच मनात पाल चुकचुकली. मीच तिला हाकललं. काल दीपगृहाचा विषय निघाला तर तू म्हणालीस, वरून फारसं काही दिसत नाही गं, पायऱ्याच जास्त. मी तेही ऐकून सोडून दिलं. एवढी कशी मी बावळट!

आज सकाळी तुझे केस ओले, म्हणून तू पहिल्यांदा ते पाकीट माझ्या हातात दिलंस. बेकरीतल्या म्हाताऱ्याने नोट उजेडात धरली आणि मान हलवली. जुनी आहे, आता चालत नाही, बँकेत बदलून मिळेल, असं खुणांनी सांगितलं. बँकेतला माणूस भला होता. पाकिटाच्या घडीत एक पावती होती, ती त्याने उलगडली आणि त्यावरच्या नावावर बोट ठेवून विचारलं, हे तुमचं का? तुझं नाव, बुटके. तुझा पासपोर्ट नंबर, पोस्टाशेजारच्या दुकानाचा शिक्का, आणि तारीख. नऊ. तोच महिना, तेच साल. मी खुर्चीत बसले तेव्हा त्याने पाणी आणून दिलं. माझ्या फोनवर तू कंबरेचं रडगाणं लावलंस तेव्हा तू कुठे उभी होतीस गं? या रस्त्यावर?

तू इथे आलीस याचा मला राग नाही, खरंच नाही. मी तर जा म्हटलंच होतं. गेलेला माणूसही जा म्हणून गेला. तू सरळ निघाली असतीस तर मी हॉस्पिटलमधून येऊन तुझी बॅग भरून दिली असती, आणि दीपगृहाचा फोटो पाठव म्हणाले असते. पण तुला यायचंही होतं आणि माझ्यासाठी न आल्याचा मोठेपणाही हवा होता. तीन वर्षं तू मला उपकाराखाली ठेवलंस. माझ्या माणसाच्या मरणाशेजारी मी तुझं कौतुक मांडून बसले आणि तू ते बसू दिलंस. तो पट्टा कुठून आणलास गं? विकत घेतलास? दुकानात जाऊन मापाचा बघून घेतलास?

हे पत्र मी भांडायला लिहिलेलं नाही, भांडण तर मी वर येऊनही केलं असतं. कुठे गेले म्हणून तू शोधत फिरू नयेस, एवढ्यासाठी लिहिलंय. ती जुनी नोट मी बदलून घेतली नाही. पाकीट पावतीसकट खालच्या काउंटरवरच्या मुलीकडे ठेवतेय, पाव पण ठेवलाय, खाऊन घे. माझे घरून आणलेले पैसे मी पोस्टाशेजारी बदलून आणले, त्यातूनच तो पाव घेतला आणि धक्क्यावर जाऊन दीपगृहाच्या एक वाजताच्या बोटीचं तिकीट काढलं, एकटीचं. खिडकीतल्या बाईपुढे मी मूठभर नाणी ओतली, त्यातलं एकही मला ओळखता येत नव्हतं. तिने एकेक उचलून, मला दाखवून, हवी तेवढी घेतली. मागे रांग खोळंबली होती. तू मागोमाग येऊ नकोस. तुझं बघून झालंय.

आज सकाळपर्यंत तुझीच असलेली,
लंबू