लवंगेची डबी

समता कॉलोनी, रायपूर

आई, गंधालीचा पाया पडून नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होते. फोन सोडून पत्र काहून, असं वाटेल तुले. बाबा फोन स्पीकरवर ठेवतात, म्हणून. तुझे गुडघे कसे आहेत?

दवाखान्यात आता कॉलरला लावायचा माईक आला. दोन्ही हात पेशंटच्या तोंडात ठेवून मी दातांचं जे बोलते, ते आपोआप कम्प्युटरवर उतरते. फक्त मोठ्यानं बोलावं लागते. मले मोठी मजा वाटून राहिली होती.

काल चौबे कॉलोनीतल्या एक काकू आल्या, सुनेला घेऊन. मी एकेक दात बोलत गेले. कीड आहे, हलते आहे, आणि मग, "गुडाखूचे काळे डाग, रोज तंबाखू घासायची सवय." काकूंनी माझं मनगट दाबलं. मले वाटलं, दुखून राहिलं. "झालंच काकू," म्हणत मी आणखी मोठ्यानं बोलले. तोंडात माझा आरसा, त्या बिचाऱ्या बोलतील कशा?

सून म्हणाली, "मम्मीजी, आप तो लौंग का चूरा कहती थीं!"

काकूंनी तोंडावर घेतलेला पदर जाईपर्यंत काढला नाही. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी "दात दाखव" म्हटलं की तूही असाच पदर घेते.

दिवाळीत ये. माईक काढून ठेवीन, दार लावीन, हातानं लिहीन. देवघरामागच्या तुझ्या लवंगेच्या डबीचं काही विचारणार नाही. फक्त एकदा तोंड उघड, आई.

तुझीच पोट्टी,
गंधाली