बिनवासाचा साबण

बाई, तुमची लाडकी काल खराडीत आमच्या कंपनीत व्याख्यान द्यायला आली होती. भास घडवणाऱ्या अळंबीतलं ते द्रव्य टोचलं की खचलेले उंदीर पुन्हा धडपडायला लागतात. माणसांच्या नैराश्यावर ते चालेल का, हे कळायला अजून वेळ आहे, असं ती सांगत होती. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत माझा नुसता जळफळाट झाला.

आम्ही दोघी तुमच्या हाताखाली शिकत होतो, तेव्हा अख्खं पुणं कॉम्प्युटरच्या क्लासला पळत होतं आणि आपण तिघी प्रयोगशाळेच्या प्राणिघरात. टोचण्याआधी आठवडाभर प्रत्येक उंदराला रोज हातावर घ्यायचं, हा तुमचा नियम. "तो हातालाच घाबरला तर औषधाचं काय कळणार?" म्हणून गजरा नाही, पावडर नाही, साबणसुद्धा बिनवासाचा. एकदा मी चुकून मोगरा माळून आले, तर तुम्ही दारातच उभ्या. "लग्नाला निघालात वाटतं? मग तिकडेच जा." आणि नागपूरहून आलेली ती दिवाळीत उटणं लावून आली, उंदीर सैरावैरा धावले, आठवड्याचं काम वाया गेलं, तेव्हा? तेव्हा तुम्ही हसलात. "घरापासून लांब आहे पोर. चला, फराळाला." तुमच्या स्वयंपाकघरातली पहिली करंजी तिच्या ताटात पडते आहे, हे मला अजून दिसतं. मी उटण्याशिवाय अभ्यंगस्नान उरकून आले होते, ते मात्र कुणाला दिसलं नाही.

पुढे टोचायचं काम तिला मिळालं आणि मला उंदीर धरायचं. "तुझ्या हातात शांत राहतात ते," तुम्ही म्हणालात. मला ती बोळवण वाटली. मीही क्लास लावला आणि निघून गेले.

काल व्याख्यानानंतर तिने मला गाठलं. "तुझ्या हातात ते शांत कसे राहायचे गं? माझ्या विद्यार्थिनींच्या हातात अजूनही बिथरतात. मी बाईंना विचारलं होतं, तर म्हणाल्या, सुई कोणीही टोचेल, धरणं मलाही तिच्यासारखं जमत नाही."

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. आणि तेसुद्धा तुम्ही तिलाच सांगितलंत! मला एकदा म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? रिक्षात मला रडू आलं, ते आनंदाचं होतं की रागाचं, कोण जाणे.

तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकणार तरी कुठे? खणात ठेवते आहे. तेवढं एक सांगायचं राहिलं, बाई. माझ्या मोरीत साबण अजून बिनवासाचाच असतो.