पेन नसलेली पाकिटं

३ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र उघडताच हसू नकोस, कारण या वेळी मी खरोखरच मोठा हात मारला आहे. जुन्या बाजारात, कुलपं विकणाऱ्याच्या शेजारी, शाईच्या पेनांचं एक चामडी पाकीट मिळालं. गडद तपकिरी, दोन पेनांचं, झाकणाच्या आत पेनाचंच चित्र छापलेलं. तळाशी शाईचा जुना डागही आहे, म्हणजे नक्की वापरातलं. विकणारा त्याबद्दल काही सांगू लागला होता, पण मी त्याला बोलूच दिलं नाही. इतकी वर्षं पाकिटं गोळा करतोय, मला कोण शिकवणार?

पेनं कुठे आहेत, हा तुझा नेहमीचा प्रश्न आता येईल. पेनं सगळेच जपतात गं. पाकिटं उसवली की लोक फेकून देतात, म्हणून कुणीतरी ती सांभाळायला हवीत. याचीही एका बाजूची शिवण गेली आहे. तुझ्या गल्लीत चपला शिवतो त्याचा हात हलका आहे, म्हणून सोबत पाठवतोय. त्याला बजाव, टाका जुन्याच भोकांतून घालायचा. नवं भोक पाडलं तर मी तिथे येऊन बसेन.

गाडी शिकायला येणाऱ्यांवर फार ओरडू नकोस. तुझी आई गेल्यावर तुला मीच वाढवलं, तेव्हा तुझ्या आवाजाबद्दल तक्रार तरी कुणाकडे करणार?

लोभ कमी करू नकोस, बाकी काही मागणं नाही.

तुझा
मामा


११ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पाकीट पोचलं. ते उघडून मी इतकी हसले की बाहेर गाडीत बसलेल्या शिकाऊ बाईंनी घाबरून हॉर्न दाबला. मामा, ते पेनांचं नाही, वस्तऱ्यांचं आहे. चित्रातल्या तुझ्या पेनाला लांबलचक पातं आहे आणि शेजारी फेसाचा ब्रशसुद्धा काढला आहे. शाईचा डाग म्हणतोस तो गंज आहे. आणि तू तर जन्मभर दाढी वाढवून बसलास, नाहीतर निदान उपयोग झाला असता. त्या बिचाऱ्या विकणाऱ्याला एक वाक्य पुरं करू दिलं असतंस तर काय बिघडलं असतं?

हसून झाल्यावर मात्र मला बरं वाटेना. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढताना केसाएवढी रेघ चुकली तरी कागद फाडणारा माझा मामा, त्याला एवढं मोठं चित्र कळलं नाही? तुला दिसत नाहीये, मामा. शेजारच्या काकू मागच्या खेपेला म्हणाल्या होत्या की तू जिना पायाने चाचपत उतरतोस. मी ते तुझे नखरे समजले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि ते काय म्हणाले ते जसंच्या तसं कळव. टाळाटाळ केलीस तर येऊन तुझ्या सगळ्या पाकिटांत केसांचे चाप भरून ठेवीन.

राग आला तरी माया असू दे.

तुझी
ठकू


१९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

वस्तऱ्यांचं पाकीट परत पाठव. संग्रहात एखादा पाहुणा असला तर बिघडत नाही. आणि काकूंना जिन्यातल्या बातमीदार म्हणून नेमलंस, तेही चांगलंच केलंस.

खरं विचारतेस तर डॉक्टरकडे मी केव्हाच जाऊन आलो आहे. मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करा म्हणाले. मी घरी आलो आणि दार लावून घेतलं. उजवा डोळा लहानपणी चेंडू लागल्यापासून कामाचा नाही, हे तुला माहीत आहे. उरला एकच. आज त्याला सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं, पण दिसतं. भिंग धरून तुझं पत्र वाचतो, पाकिटं बोटांनी ओळखतो, निदान ओळखतो असं समजतो. त्या एका डोळ्याचं काही बरंवाईट झालं तर? मला भीती वाटते, ठकू. तेव्हा आहे ते राहू दे.

चिडलीस तरी पत्र पाठवत जा.

तुझा
मामा


२५ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

भीती वाटते असं लिहिलंस, बरं केलंस. मलाही वाटते. काकूंकडून पत्ता घेऊन, तुला न कळवता, तुझ्या डॉक्टरांना मी स्वतः जाऊन भेटले. धोका थोडा आहे, तो नाही असं ते म्हणाले नाहीत. पण जितकं थांबू तितकं अवघड होत जाईल, आणि शेवटी हे दूधही दिसणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तू घाबरून दार लावून घेशील आणि मी इथे बसून पत्रं लिहीन, हे मला जमणार नाही.

रजा काढली आहे. गुरुवारी गाडी घेऊन येते. दाढी विंचरून तयार राहा. वाटेत मला ब्रेक कधी दाबायचा ते सांगायचं नाही, तो माझा धंदा आहे.

माझ्यावर भरवसा ठेव, एवढंच.

तुझी
ठकू


२० मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तू परत गेल्यावर मी फळीवरची पाकिटं खाली काढून बसलो. काही तर चक्क रेक्झिनची निघाली. ज्याच्या मऊपणाचं मी तुला तासभर कौतुक सांगितलं होतं, ते छत्रीच्या मुठीवरचं कव्हर आहे. काकू हसून हसून भिंतीला टेकल्या. त्यांना चहा पाजून मी विषय मिटवला.

तुला सांगायचं होतं ते वेगळंच, पण तोंडावर सांगता आलं नाही. डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा समोर तू होतीस. डॉक्टरांनी काय दिसतं विचारलं, आणि मी भिंतीवरच्या घड्याळातली वेळ सांगितली. तुला वाटलं, मी गंमत करतोय. मला तुझ्याकडे बघवत नव्हतं. तुझे कानशिलाजवळचे केस पांढरे झालेत. डोळ्यांखाली काळं आलंय. गालही बसलेत. तू इतक्या वेळा आलीस, शेजारी बसून मला चिडवलंस, आणि मला मात्र कॉलेजात निघालेली मुलगीच दिसत राहिली. पेन हरवलं तरी पाकीट त्याचाच आकार धरून बसतं ना, तसा मी तुझा जुना चेहरा धरून बसलो होतो. मी म्हातारा झालो हे मला मान्य होतं. तूही तिकडे एकटी दमत होतीस, हे मात्र मला दिसलं नाही, आणि तू कधी बोलली नाहीस.

पुढच्या खेपेला पाकिटं दाखवणार नाही. खिडकीपाशी उजेडात खुर्ची ठेवली आहे. तिथे बसायचं आणि मला पुरे होईपर्यंत तुझ्याकडे बघू द्यायचं. काय काय झालं ते सांगायचं, नाही सांगितलंस तरी आता मला दिसेल.

लवकर ये. लोभाचं काय ते समोरासमोर बघू.

तुझा
मामा