टाकीमागचं चौथं पॅनेल

दि. ९ मार्च, सोमवार

प्रिय जावईबापू,

माझं अक्षर बघून पत्र बाजूला ठेवू नका, शेवटपर्यंत वाचा. आम्ही दोघं ठीक आहोत. तुमच्या सासूबाईंचा गुडघा दुखतो, तोंड मात्र व्यवस्थित चालतं.

गच्चीवरच्या सौर पॅनेलची वीज वाढली, हे कळवायला लिहितोय. तुम्ही बसवलीत तेव्हा दिवसाला आठ युनिट मिळायची, ती घसरत घसरत पाचावर आली होती. परवा साडेसात झाली.

मागच्या आठवड्यात एका दुरुस्तीवाल्या बाईला बोलावलं. तुम्हाला बोलवायला तोंड नव्हतं. तिने इन्व्हर्टर तपासला, वायरी तपासल्या, कुठे सावली पडते का पाहिलं. सगळं चोख. "काम कुणाचं आहे? हात चांगला आहे," म्हणाली. मी नुसता खोकलो. मग तिने चारही पॅनेल सुटी करून एकेक मोजलं. तीन ढेपाळलेली, आणि चौथं, टाकीमागचं, धुळीने माखलेलं, ते एकदम ठणठणीत!

"हे का असं मळकं?"

"तिथे पाइप पोहोचत नाही."

"म्हणून वाचलं बिचारं. बाकीची कशाने धुता, काका?"

"बोअरच्या पाण्याने. रोज, नाश्त्याआधी."

तिने काचेवर नख ओढलं. "किटलीच्या बुडाला पांढरा थर बसतो ना, तोच हा. धुतल्यावर पुसता तरी का?"

पुसायचं कशाला, ऊन होतं की वाळवायला! पंधरा दिवसांतून एकदा, नळाच्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं पुसा, असं तुम्ही बजावलं होतं. मी मनात म्हटलं, कालचा पोरगा मला धुणं शिकवतोय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! मग बाईने सांगितल्याप्रमाणे व्हिनेगर घातलेल्या पाण्याने आम्ही दोघं दोन दिवस काचा पुसत होतो.

आता खरं ते लिहितो. चार महिन्यांपूर्वी तुम्ही पॅनेल तपासायला आलात, तेव्हा शेजाऱ्यासमोर मी तुम्हाला म्हणालो, "घरच्यांनाच जुना माल खपवलात." तुम्ही पान्हा खाली ठेवलात आणि जिना उतरलात. तेव्हापासून लेक फोनवर फक्त आईशी बोलते. मी विचारलं, तर ही म्हणते, "बरी आहे." बस्.

विजेचं काय हो, कमी तर कमी. माझ्या पोरीने लबाड माणसाशी संसार मांडला की काय, ह्या विचाराने मला अन्न गोड लागत नव्हतं. बाईने नख ओढलं तेव्हा लाज वाटली, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. लबाड कुणीच नव्हतं. मूर्ख मात्र एक होता, आणि तो मी. स्वतःच्या मूर्खपणाचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

त्याच संध्याकाळी शेजाऱ्याला गच्चीवर नेलं आणि सगळं सांगितलं. तो पोट धरधरून हसला. हसू दे.

ही म्हणते, सासऱ्याने जावयाची माफी मागायची पद्धत नसते. नसेल. मी मागतोय. हे पत्र लेकीला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका. रविवारी दोघं आलात तर जीव थाऱ्यावर येईल. नाही आलात तर राग मानणार नाही. तो हक्क आता तुमचा आहे.

चुकलो.

तुमच्या बायकोचा बाप