पहिले साठ फूट

प्रिय दादा,

फोनवर शर्यतीच्या गाडीचा विषय निघाला की तू आईच्या गुडघ्यांची चौकशी करायला लागतोस, म्हणून लिहिते आहे. आईचे गुडघे बरे आहेत. आता गाडीचं.

इंजिन तेच आहे. मोठं बसवा म्हणून सगळे मागे लागले होते. बाबा वाद घालत बसले नाहीत. आम्ही मागच्या चाकांकडेच लक्ष दिलं. हवा थोडी कमी केली, तेव्हा सुटताना टायर चुरगळून जमीन धरू लागले. शॉक अॅब्सॉर्बर बदलले. आता गाडी सुटताना मागे बसते आणि तिचा भार मागच्या चाकांवर येतो. पाव मैलाच्या शर्यतीचा निकाल पहिल्या साठ फुटांतच लागतो, हे तूच मला शिकवलंस. तिथे चाक जागच्या जागी फिरलं, तर पुढे ताकद असून काय उपयोग?

वजनाची मात्र अडचण झाली. गाडी आणि चालक मिळून ठरलेलं वजन भरावंच लागतं, आणि नवा चालक तुझ्यापेक्षा बराच हलका आहे. उरलेल्या वजनाचं लोखंड बाबांनी मागच्या चाकांच्या वर बांधलं. बांधलेला पट्टा पुन्हा पुन्हा ओढून बघत होते, तुझ्या सीटचा बघायचे तसा.

तू चाकं जागीच फिरवून टायर तापवायचास, मग सुटायच्या रेषेपाशी मागे यायचास आणि मी गाडीसमोर उभी राहून हातानं दाखवायचे, जरा डावीकडे, जरा उजवीकडे, बस. टायरचं रबर बसलेल्या शर्यतीच्या पट्ट्यावर बुटांचे तळवे चिकटायचे. पट्ट्यावर जाण्याआधी मी ते घासून पुसायचे, तर आई म्हणायची, घरात कधी पाय पुसले नाहीस गं काडे, आणि तिथे बरी शिस्त!

त्या दिवशीही मी तुला सरळच उभं केलं होतं. तूही वेळेवर सुटलास. आधीच्या गाडीचं तेल पट्ट्यावर गळलं होतं, ते कुणालाच दिसलं नाही. उजवं चाक त्यावरून घसरलं आणि गाडी भिंतीला लागली. तू स्वतःला दोष देतोस, हे तू न बोलताही आम्हाला कळतं. बाबा गॅरेजमध्ये तुझ्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाहीत.

नवा चालक म्हणजे मी. येत्या रविवारी पहिल्यांदा सुटणार आहे. आईला सांगितलं, तेव्हा तिनं हेल्मेट पुसून ठेवलं. आत बसलं की चाकं रबराच्या पट्ट्यावर सरळ आहेत का ते दिसत नाही, समोर कुणीतरी लागतं. बाबा सरावाला उभे राहिले, पण माझा चेहरा दिसला की त्यांचा हातच हलत नाही. दादा, तू ये. चालावं लागणार नाही, फक्त उभं राहायचं. हातात काठी असेल तर काठीनंच दाखव. तू दाखवशील तिकडे मी चाक वळवीन.

तुझीच,
काडी