मामांचा अमेरिकाद्वेष

जळगाव, २ जुलै १९९१

ती. कौतिकमामांस,
सुगंधाचा शि. सा. न. वि. वि.

केळीच्या रोगांवर शिकायला मी पुढल्या महिन्यात अमेरिकेला निघतेय. अठरा तारखेच्या निरोपाच्या जेवणाला तुम्ही येणार नाही, कारण तुम्ही ‘अमेरिकाद्वेष्टे’ आहात, असं आईला कळवलंत. आई म्हणते, मना भाऊ येडा शे. मी म्हटलं, मामा मराठीचे मास्तर. आधी शब्दाचा अर्थ आणि उगम विचारावा. सांगाल?

लोभ असू द्या, निदान मी विमानात बसेपर्यंत.
सुगंधा

धुळे, ६ जुलै

चि. सुगंधास अ. उ. आ.

‘अमेरिका’ हे नाव अमेरिगो नावाच्या इटालियन खलाशावरून पडलं. म्हणजे नावसुद्धा उसनं. ‘द्वेष’ मात्र आपला, संस्कृत ‘द्विष्’ धातूपासून. अर्थ: त्या देशाबद्दल कायमचं वैर. उगम: व्हिएतनाम. शिवाय एकाहत्तरला आपल्यावर धाडलेलं सातवं आरमार. बहात्तरच्या दुष्काळात तिथली लाल मिलो ज्वारी रेशनवर खाल्ली, ती अजून घशाखाली उतरलेली नाही.

तेव्हा जेवणाला मी नाही. आईला म्हणावं, येडा शे तर शे.

आशीर्वाद आहेतच, ते देशाला नाहीत.
मामा

जळगाव, १० जुलै

ती. मामांस सा. न.

व्युत्पत्ती छान, पण तारखा जुळत नाहीत. बेबामामींनी आईला खरं सांगितलं. पंच्याऐंशी साली तुमच्या पुष्पाताईच्या तिकडल्या बाळंतपणासाठी तुम्ही अमेरिकेला निघाला होतात. त्यासाठी जन्मात पहिला कोट शिवलात. तेव्हा व्हिएतनाम आठवलं नाही? व्हिसाच्या खिडकीवरच्या साहेबाने मात्र परत याल याचा पुरावा मागितला आणि दोन मिनिटांत नकार दिला. धुळ्याला आल्यावर तुम्ही ताईला पत्र लिहिणंच सोडलंत. साहेबाचा राग लेकीवर काढलात, हा कुठला धातू, मामा?

रागावून का होईना, उत्तर धाडा.
सुगंधा

धुळे, १४ जुलै

चि. सुगंधास आ.

तुझी मामी हल्ली फार बोलते. पण खोटं बोलत नाही.

ज्याला जळगावला एक मुक्काम करणंही जिवावर येतं, त्याला विचारतात, परत येशील कशावरून! तीस वर्षं पोरांना बोलायला शिकवलं आणि तिथे माझ्याच तोंडून शब्द फुटला नाही. हे पुष्पाला कसं लिहायचं? लाज वाटली. लाजेला द्वेष म्हटलं की जरा भारदस्त वाटतं.

अठराला सकाळच्या एसटीने येतो. तिकडे गेलीस की पुष्पाला भेट. तिचा मुलगा सहा वर्षांचा झाला असेल. त्याला मराठी समजतं का बघ. नसेल समजत, तर त्याच्या इंग्रजीतच सांग, धुळ्याला तुझा आजोबा आहे.

तुझा,
मामा